एकाच संताची दोन देवळे

मानपाड्याहून ठाणे शहरात आले की मासुंदा तलावाकाठी संत जॉन बाप्टिस्टचे चर्च लागते. याच संताच्या नावाचे दुसरे चर्च साष्टीतच, अंधेरीच्या सीप्झ आवारात, भग्न उभे आहे. पहिले फ्रान्सिस्कनांचे, दुसरे जेझुइटांनी १५७९ मध्ये कोंडिवटे गावासाठी बांधलेले. अभ्यासक दोन्हींना ‘पोर्तुगीज वास्तुशैली’ म्हणतात आणि तिथेच थांबतात.

शैलीपुरते ते खरे आहे. जाड दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, सपाट दर्शनी भाग हे सारे वसईपासून गोव्यापर्यंत भेटते. पण एक देऊळ नांदते राहिले आणि दुसरे ओस का पडले, याचे उत्तर शैली देत नाही. १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. म्हणून भग्न चर्च दिसले की आपण त्या लढाईकडे बोट दाखवतो. कोंडिवट्याच्या बाबतीत हा समज टिकत नाही. सत्तांतरानंतरही शंभर वर्षे तिथे प्रार्थना होत होती. १८४० च्या सुमारास साथ आली, गाव मरोळला उठून गेले आणि मागे नुसत्या भिंती उरल्या.

वसई-साष्टीतले ख्रिस्ती आपल्या बोलीत चर्चला ‘देऊळ’च म्हणतात. या शब्दात शैलीच्या लेबलापेक्षा अधिक इतिहास आहे. देऊळ राजवटीचे नसते, गावाचे असते. कोंडिवटेकरांचे वंशज आजही वर्षातून एकदा त्या बिनछपराच्या भिंतींत मिस्साला जमतात. वास्तूच्या अभ्यासाने त्यांनाही मोजले पाहिजे.