पी.टी.चा तास कोणी नेला?

शारीरिक शिक्षण महत्त्वाचे नाही, असे म्हणणारा मुख्याध्यापक शोधून सापडणार नाही. शिस्त, संघभावना, निरोगी शरीर ही उत्तरे तयार असतात. खरे मत मात्र वेळापत्रकात दिसते. गणिताचा पोर्शन मागे पडला की कोणता तास उचलला जातो, हे कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे. १५ ऑगस्ट जवळ आला की संचलनासाठी हाच तास अचानक पवित्र होतो. जिल्हा स्पर्धेत ढाल मिळवणारे दहा-बारा खेळाडू मुख्याध्यापकांना नावानिशी ठाऊक असतात. उरलेली मुले मैदानावर काय करतात, हे सहसा कोणी पाहत नाही.

या वागण्यामागे एक गृहीतक आहे: मैदानावर गेलेला तास अभ्यासातून वजा होतो. हे तपासता येण्याजोगे विधान आहे आणि ते तपासले गेलेही आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर येथे १९७० च्या दशकात काही प्राथमिक वर्गांना रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण देण्यात आले, तेही प्रशिक्षित शिक्षकांकडून. त्यासाठी इतर विषयांचा वेळ सुमारे १३ टक्क्यांनी कापला. तरी या मुलांची अभ्यासातील प्रगती इतरांपेक्षा मागे पडली नाही; उलट किंचित सरसच ठरली. तेथील वर्ग आणि आपले साठ मुलांचे वर्ग यांत फरक आहे, तेव्हा खेळल्याने गुण वाढतात असा दावा आम्ही यावरून करणार नाही. पण ‘वजा होतो’ हे गृहीतक निदान तेथे तरी टिकले नाही.

आता मिनिटांचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल व्हावी. १४६ देशांतील माहितीवर आधारलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नाहीत. आठवड्यातले दोन तास ही तूट भरून काढणार नाहीत, पण ते तास तरी कसे जातात? खो-खोचा डाव घ्या. एका क्षणी एक पाठलाग करतो, तिघे पळतात आणि आठ जण बसलेले असतात. साठांच्या वर्गात उरलेली अठ्ठेचाळीस मुले कडेला उभी! खेळ उत्तमच आहे; पण एकच मैदान आखून एकच डाव लावणे म्हणजे वर्गात एकाच मुलाला पाटी देण्यासारखे आहे. तीन-चार डाव एकाच वेळी लावायला चुन्याच्या चार रेघा जास्त लागतात, इतकेच.

सगळा दोष मुख्याध्यापकांच्या माथी मारणेही बरोबर नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवले, पण सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मागितला तो अंशकालीन, आणि तोही पट शंभरावर असेल तरच. मुळात विषयच असा कडेला ठेवल्यावर निकालाची टक्केवारी मागणाऱ्या पालकांपुढे मुख्याध्यापक किती टिकाव धरणार?

तरीही एक गोष्ट त्यांच्या हातात आहे आणि तिला पैसा लागत नाही. वर्षभरात पी.टी.चे किती तास लावले, किती प्रत्यक्ष झाले आणि उरलेले कोणत्या विषयाने नेले, याची वही आमच्या पाहण्यातील एकाही शाळेत नाही. ती नववीच्या मुलांकडे सोपवावी. तासाला घड्याळ लावून एकेका मुलाची धावण्याची मिनिटेही तीच मोजतील.