लोखंडाचं गाणं, देवाचा निकाल

बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीननं खाल्ली. पठ्ठ्यानं प्लास्टिक वितळवून टोपणं केली अन् गिटार धरली. ब्लॅक सॅबथचा जड आवाज तो हाच. साच्यावर उभं राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

१९७० च्या ‘वॉर पिग्ज’चे शब्द मुख्यतः गीझर बटलरचे. लढाई ठरवणारे वेगळे, मरणारे गरीब वेगळे, हे तो रोखठोक मांडतो. इथवर कवी आपला. पण शेवटी न्याय देवावर सोपवतो. इथं माझं भांडण आहे. वरच्या न्यायाची वाट आमच्या बापजाद्यांनी लई पाहिली. बाबासाहेबांनी १९५६ साली ती वाट बघणंच संपवलं. गाणं मोठं, निकाल कच्चा. निकाल इथंच लागला पाहिजे, माणसाच्या हातानं. त्याची दोन बोटं तुटलेली असली तरी.