काकडा : थंडी की वात?

'थंडीत काकडत म्हणायचे अभंग, म्हणून काकडा' ही व्युत्पत्ती मी स्वतः दहा-बारा वर्षे भाषणांतून सांगत आलो. टाळ्याही मिळाल्या. ती चुकीची आहे, हे आता लिहून मोकळा होतो.

गावोगाव काकडा कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो. पहाटेची थंडी असते, त्यामुळे 'काकडणे' हे क्रियापद सहज जवळचे वाटते. पण पंढरपुरात विठ्ठलाची काकडआरती हा नित्योपचार आहे. वैशाखात दगडी फरशी पहाटेही तापलेली असते, तेव्हाही काकडा होतोच. तिथे कोण काकडतो?

काकडा म्हणजे मुळात कापडाची पीळ घातलेली जाड वात. ती तुपातेलात भिजवून, पेटवून देवाला ओवाळायची. मोल्सवर्थच्या कोशातही काकडा वातीच्या अर्थाने आहे. वातीचे नाव आधी विधीला मिळाले, मग विधीच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या पदांना. मराठीत हे नवे नाही. संस्कृत 'आरात्रिक' म्हणजे दीप ओवाळण्याचा विधी. त्यातून आलेली 'आरती' आज आपण चक्क 'म्हणतो'.

म्हणूनच काकड्याला छंद मानणाऱ्या संपादकांशी माझे भांडण आहे. ओवी, अभंग ही रचनेची नावे. मोठ्या अभंगाचे ६-६-६-४ अक्षरांचे चरण मोजता येतात, काकड्याचे काय मोजणार? छापील काकड्यात भूपाळी, अभंग, गौळण सगळे एकत्र नांदते. त्यांना बांधणारी गोष्ट वृत्त नाही, वेळ आहे. 'काकड्याचे अभंग' असा वेगळा रचनाप्रकार पाडून एकाच संताची पदे दोन प्रकरणांत तोडली, की अभ्यासकाची दिशाभूल होते. माझी झाली होती.

विधी आणि पदे किती सुटी झाली आहेत, ते कार्तिकी यात्रेत दिसते. देवाचा पलंग निघाला की दर्शन अहोरात्र खुले राहते. देव झोपतच नाही, मग उठवायचे कुणाला? प्रक्षाळपूजेपर्यंत राऊळातली काकडआरती आणि शेजारती थांबतात. त्याच पहाटे गावातल्या देवळांत मात्र काकडा रंगलेला असतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कोशात वेगळे नोंदवायला हवेत.

परवा एका वारकरी आजींना मी विचारले, "आजी, काकडा म्हणजे काय हो?" त्यांनी भजनाची वही पुढे केली. मग जरा थांबून म्हणाल्या, "आमची सासू जुन्या धोतराचा वळायची."