ठिगळ दिसलंच पाहिजे

पहिल्या नोकरीत मी एक चूक केली. हप्ते गोळा करणाऱ्या मुलांच्या हातात पावती छापायचं छोटं मशीन असतं ना, त्याचं सॉफ्टवेअर आमची टीम लिहायची. रक्कम किती अंकी आहे हे मोजायला मला लॉग१० हे फंक्शन हवं होतं. मशीनमधल्या काटछाट केलेल्या गणिताच्या लायब्ररीत ते नव्हतं, साधं लॉग होतं. कॉलेजातलं सूत्र आठवलं: संख्येच्या लॉगला दहाच्या लॉगने भागा. एका ओळीत भोक बुजलं. १०, १०० आणि १०००० टाकून पाहिलं. बरोबर आलं.

१००० टाकून पाहिलं नव्हतं. तिथे उत्तर ३ येत नाही, २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं. त्यातला पूर्णांक घेतला की उरतात २. म्हणजे माझ्या कोडच्या मते हजार ही तीन अंकी रक्कम! पावतीवर शेवटचं शून्य छापलंच गेलं नाही. हजार रुपये भरणाऱ्या बाईंच्या हातात शंभराची पावती पडली आणि उरलेल्या नऊशेंचा जाब दोन दिवस वसुलीच्या मुलाला द्यावा लागला.

सूत्र चूक नव्हतं. पण कॉम्प्युटर प्रत्येक पायरीला उत्तर गोल करतो. वरचा लॉग गोल केला, खालचा गोल केला, भागाकार पुन्हा गोल केला. तिन्ही चुका एका बाजूला झुकल्या की हजाराचं शून्य जातं.

तेव्हापासून मी गणिताच्या लायब्ररींचा सोर्स कोड वाचतो, आपण पुस्तकं वाचतो तसाच. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९३ मध्ये एफडीलिबएम नावाची लायब्ररी कुणालाही फुकट वापरता येईल अशी मोकळी केली. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची लायब्ररी तिच्यावर उभी राहिली आणि अँड्रॉइडने आपला बराचसा गणिती कोड फ्रीबीएसडीकडून घेतला. म्हणजे तुम्ही हा लेख अँड्रॉइडवर वाचत असाल, तर त्या कोडचे वंशज तुमच्या खिशातच आहेत.

त्यातली लॉग१० ची फाइल मी अनेकदा वाचली आहे. दोनचा लॉग तिथे दोन तुकड्यांत ठेवलाय: एक मोठा आणि एक त्यातून उरलेला बारीकसा. तो बारीक तुकडा शेवटपर्यंत सांभाळला जातो, मगच बेरीज होते. वर टिपणीत एक वचन आहे: दहाच्या शून्याव्या घातापासून बाविसाव्या घातापर्यंत उत्तर नेमकं पूर्णांकातच येईल. बावीसच का? कारण त्यापुढचे दहाचे घात ५३ बिटांत तंतोतंत मावतच नाहीत. आपण कुठवर शब्द देऊ शकतो हे माहीत असलेल्या माणसाचं हे लिखाण आहे. माझ्या एका ओळीत असलं कुठलंच वचन नव्हतं.

पण या परंपरेलाही भोकं होती. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणानुसार बहुतेक गणिती फंक्शन्स तीन आकारांत हवीत: फ्लोट, डबल आणि लाँग डबल. इंटेलच्या मशीनवर डबलची अचूकता ५३ बिटांची, तर लाँग डबलची ६४. फ्रीबीएसडीत लाँग डबलची कित्येक फंक्शन्स दहा वर्षांहून अधिक काळ नव्हतीच. तिथल्या जाणकारांचा आग्रह होता की आत येणारं फंक्शन शेवटच्या बिटापर्यंत भरवशाचं हवं. मला हा आग्रह आवडतो, पण त्याची किंमत कुणी दिली तेही पाहावं लागतं. प्रोग्रॅम बिल्ड होईनात, म्हणून ते तिथे आणणाऱ्यांना आपापल्या पातळीवर डबलचं फंक्शन जोडून वेळ मारून न्यावी लागे. मी जे मशीनवर केलं तेच, पण अनेक ठिकाणी आणि कुठे नोंद नाही.

२०१३ मध्ये डेव्हिड चिस्नॉल यांनी यावर एक फाइल लिहिली. तिचं नाव इम्प्रिसाइज, म्हणजे सरळ ‘अचूक नसलेलं’. आतला मामला साधा आहे. घात काढणारं पॉवएल मागितलं की ती आतून डबलचं पॉव बोलावते. ११ बिट जातात, म्हणजे उत्तर २०४८ पट जाडंभरडं. तरी ही फाइल मला प्रामाणिक वाटते. एक तर तिने आपलं नाव लपवलं नाही. दुसरं, ती फंक्शन्स कुणी आपल्या प्रोग्रॅमला जोडली की लिंकर इशारा देतो: सांगितलंय त्यापेक्षा अचूकता कमी आहे. आणि तिसरं, ती ‘वीक सिंबल’ म्हणून लिहिली आहेत. उद्या कुणी खरं फंक्शन आणलं की ही बाजूला होतात.

ठिगळ आणि रफूतला फरक इथे कळतो. ठिगळ दिसतं. रफू चांगला झाला तर तिथे कापड फाटलं होतं हेच कळत नाही. माझी ओळ रफू होती.

तरी या फाइलला मी पूर्ण मार्क देणार नाही. तिचा इशारा बिल्ड करणाऱ्याला दिसतो, वापरणाऱ्याला नाही. बिल्डच्या हजारो ओळींत ती एक ओळ कोण वाचतं? आणि तयार पॅकेज डाउनलोड करणाऱ्यापर्यंत तर ती पोहोचतच नाही. शिवाय दगडापेक्षा वीट मऊ म्हणून ठेवलेली वीट तिथेच राहते. खरं पॉवएल फ्रीबीएसडीत आलं २०१८ मध्ये, तेही शेजारच्या ओपनबीएसडीकडून. तो कोड स्टीफन मोशियर यांचा, आणि ओपनबीएसडीत तो कधीचा होता. शेजारच्या घरातली वस्तू आणायला इतकी वर्षं लागावीत, ही मला या परंपरेची खरी उणीव वाटते. परिपूर्ण येईपर्यंत थांबू म्हणताना, पुरेसं चांगलं कुठे आहे हे शोधायचं राहून जातं.

माझ्या कोडची दुरुस्ती मात्र लाजिरवाणी सोपी निघाली. लॉगची गरजच नव्हती. दहाने भागत जायचं आणि किती वेळा भागलं ते मोजायचं. पूर्णांकांत गोल करायची भानगडच येत नाही. अपडेट गेलं, पावती बदलून मिळाली. वसुलीच्या त्या मुलाला नऊशे रुपये कुठे गेले होते हे कुणी समजावून सांगितलं का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.