त्रेपन्न की पन्नास तीन?

‘गणित नावडते’ असे विद्यार्थी सांगतो तेव्हा त्याला बहुधा सगळे गणित नावडत नसते. कुठेतरी एखादी पायरी निसटलेली असते. बालभारतीच्या २०१९ सालच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने अशी एक पायरी नेमकी हेरली. रूढ संख्यानामांच्या जोडीला त्यात ‘वीस एक’, ‘साठ पाच’ अशी नावे दिली होती. त्यावर विनोद पुष्कळ झाले, विचार त्या मानाने थोडा झाला.

गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन करताना जोडाक्षरांचा मुद्दा मांडला होता. आम्हांला तो दुय्यम वाटतो. मूल संख्यानामे आधी कानाने शिकते. तिथे जोडाक्षर आड येत नाही. खरी अडचण क्रमाची आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र पाच आधी. ‘एकोणसत्तर’मध्ये तर सत्तर ऐकू येते आणि लिहायचे असते ६९! कन्नड व तेलुगू भाषांत विसाच्या पुढे दशक आधी बोलले जाते. तिथल्या मुलांपुढे हा पेच नसतो. या दृष्टीने पुस्तकातील बदल योग्यच होता.

पण नवी नावे दिली की काम संपले, असे नव्हे. घरी, बाजारात, एस.टी.त मुलाच्या कानावर ‘त्रेपन्न’च पडणार. म्हणून ‘पन्नास तीन’ हा जिना समजावा, मुक्काम नव्हे. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलासमोर ठेवाव्यात. त्याने ‘पन्नास तीन’ म्हणावे, ५३ लिहावे आणि मग ‘त्रेपन्न’ म्हणावे.

प्रयोगशाळेत उपकरण चुकीचे आकडे दाखवू लागले, तर चूक नेहमी एकाच दिशेने होते का, हे आम्ही आधी पाहतो. वही तपासतानाही तेच करावे. ५३ ऐवजी ३५ लिहिणारा मुलगा क्रमात अडला आहे; ६९ ऐवजी ७९ लिहिणारी मुलगी ‘एकोण’मध्ये. दोघांच्या वहीत फुली एकच, उपाय मात्र वेगळे. तो वेळीच झाला नाही, तर दोघेही पुढे एकच वाक्य बोलू लागतात: गणित नावडते. वरच्या वर्गांतही हे वाक्य कानी पडले, की अडखळणे नेमके कुठे सुरू झाले, हे शिक्षकांनी आधी शोधावे.