वैयक्तिक शिक्षण योजना आणि घरची भाषा

विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र शिक्षण योजना आखावी, ही कल्पना अमेरिकेतील १९७५ च्या कायद्याने रूढ केली. विद्यार्थ्याची सद्यःस्थिती, वर्षाचे उद्दिष्ट, द्यावयाचे साहाय्य आणि मूल्यमापन ही तिची प्रमुख अंगे होत. चाचणी शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेत घ्यावी, अशी अटही त्याच कायद्यात होती. योजना स्वीकारताना ही अट दृष्टीआड झाली, तर सांगाडा तेवढा हाती येतो.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेची व्याख्या बोली वा लेखी भाषेवर प्रक्रिया करण्यातील उणीव अशी केली आहे. येथे ‘कोणती भाषा?’ हा प्रश्न अपरिहार्य ठरतो. नांदेड जिल्ह्यात किनवटकडे गोरमाटी व गोंडी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, लातूर जिल्ह्यात उदगीर-देवणीकडे कन्नड आणि दोन्हीकडील शहरांत दखनी या घरच्या भाषा आहेत. मराठीत तीन लिंगे. गोरमाटी व दखनीत दोनच. तेव्हा तांड्यावरील मूल ‘माझे घर’ऐवजी ‘माझा घर’ म्हणाले, तर तो घरच्या व्याकरणाचा प्रभाव असू शकतो, अक्षमतेचा पुरावा नव्हे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनाही एकट्याने फारसे प्रमाण नाही. कारण तो भेद आजच्या मराठी उच्चारात अर्थभेदक उरलेला नाही.

तथापि सर्व दोष घरच्या भाषेवर लोटणे तितकेच घातक होय. त्यामुळे खरी अक्षमता झाकली जाते आणि साहाय्याची वेळ निघून जाते. यास्तव पारख दोन्ही भाषांत व्हावयास हवी. शब्दातील पहिला ध्वनी ओळखणे, शब्दाचे अवयव पाडणे, ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगणे ही कामे मुलाला घरच्या भाषेतही जड जात असतील, तर अक्षमतेची शंका बळावते. तेथे ती सहज जमत असतील, तर प्रथम मराठीच्या अध्यापनाकडे पाहावे लागते.

म्हणून योजनेच्या पहिल्याच अंगात घरच्या भाषेची नोंद असावी आणि पारख करताना ती भाषा जाणणारे माणूस, प्रसंगी मुलाची आईच, जवळ असावे. त्यासाठी लागणाऱ्या शब्दसूची व कथा सिद्ध करणे हे १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील भाषाभ्यासकांना साध्य असे कार्य आहे. ते होईतो योजनेतील ‘वैयक्तिक’ हे विशेषण अर्धेच सार्थ राहील.