आप्त आणि आप्तवाक्य

लांजी मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात. परंतु येथील मराठी घरांचे सोयरसंबंध सीमेपलीकडे गोंदियाच्या बाजूसही जडलेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा सारा मुलूख एकाच राज्यात होता. आज दोन राज्यांत वाटली गेलेली कुटुंबे व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांत पुन्हा एकत्र नांदतात, ही गोष्ट आम्हांस आनंदाचीच वाटते. तथापि त्या समूहांतून जी एक लेखनपद्धती रूढ झाली आहे, तिचे परीक्षण होणे अगत्याचे आहे.

'जसे आले तसे पाठविले' हे तिचे पालुपद. वर देवाचे चित्र, मध्ये वार्ता, खाली जोडलेले हात. लेखकाचे नाव नाही, स्थळ नाही, तिथी नाही. पाठविणारा 'मी पाहिले' असे म्हणत नाही आणि 'मला ठाऊक नाही' असेही कबूल करीत नाही. वाचणारा मात्र विश्वास ठेवतो. कारण पाठविणारे मामाजी असतात.

गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्द हे चौथे प्रमाण खरे, पण तो शब्द आप्ताचा हवा. वात्स्यायनाच्या मते आप्त तो, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. व्यवहारातील मराठीत आप्त म्हणजे नातलग. या दोन अर्थांची गल्लत हाच या लेखनाचा मूळ दोष होय. मामाजींची माया खरी. म्हणून त्यांनी पुढे धाडलेली वार्ता खरी ठरत नाही.

या गल्लतीचे मोल किती भयंकर असते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास दिसले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. जमावाने भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण घातली व भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा आणली. परंतु संदेश पुढे पाठविलेला आहे, एवढेच ती खूण सांगते. मूळ सांगणारा कोण, हे विचारणे आपल्याकडेच उरते.

वडीलधाऱ्यांस असे विचारणे उद्धटपणाचे, असे कोणी म्हणतील. आम्हांस ते पटत नाही. देवळात वर्गणी दिल्यावर आपण पावती घेतो. त्याने देवावरील श्रद्धा उणावत नाही, की विश्वस्तांचा अवमानही होत नाही. 'मामाजी, हे आपण पाहिले की ऐकले?' हा प्रश्नही तसाच नम्रपणे विचारता येतो.